गिबोनची शपथ : मोडलेल्या वचनाचा एक प्रकरण अभ्यास

शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय बरेच जण घाईने वाचून पुढे जातात. पहिल्या चौदा वचनांत तीन वर्षांचा दुष्काळ आहे, सात माणसांची फाशी आहे, प्रेतांची राखण करणारी एक आई आहे आणि शेवटी पाऊस आहे. शास्त्राभ्यासाला हा भाग घेतला की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: इस्राएलचा पहिला राजा शौल याने केलं, मग मुलानातवंडांनी का भरलं? तो प्रश्न टाळून हा अध्याय शिकवता येत नाही, आणि टाळूही नये.

गिबोनच्या लोकांना मारणार नाही अशी शपथ इस्राएलांनी वाहिली होती, ती शौलाने मोडली. मी हे प्रकरण निवडलं त्याचं कारण असं की इथे आज्ञाभंग एकाने केला, त्याची झळ दुसऱ्यांनी सोसली आणि निस्तरायला तिसराच, शौलानंतरचा राजा दावीद, बसला. देवाचा शब्द मोडल्याचे परिणाम माणूस मेल्यावरही कसे उरतात हे दाखवणारी प्रकरणं पवित्र शास्त्रात बरीच आहेत. पण निस्तरतानाही कशी चूक होऊ शकते, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पार्श्वभूमी: गिलगालच्या छावणीतला करार

यरीहो आणि आय ही नगरं इस्राएलांच्या हाती पडल्याची बातमी कनान देशभर गेली होती. इस्राएलांचा तळ गिलगालला होता. मोशेने दिलेला नियम स्पष्ट होता: या देशातल्या राष्ट्रांशी करार करायचा नाही (अनुवाद ७:२). दूरच्या नगरांशी मात्र तह चालत होता (अनुवाद २०). कनानातल्या गिबोन नगराची माणसं जे वागली त्यावरून त्यांना हा फरक ठाऊक असावा असं वाटतं. ती झिजलेली गोणपाटं, फाटून शिवलेले बुधले, ठिगळं लावलेली पायताणं आणि वाळून बुरसटलेल्या भाकरी घेऊन आली. आम्ही फार लांबून आलो, म्हणाली. त्यांचं गाव खरं तर एका रात्रीच्या चालीवर होतं.

इस्राएलांना संशय आला नाही असं नाही. तुम्ही आमच्या शेजारचेच असाल तर, असं त्यांनी तोंडावर विचारलं. पण संशय आल्यावर त्यांनी तपासलं काय? शिदोरी. आणि इथे लेखक एक लहानसं वाक्य लिहून ठेवतो: त्यांनी परमेश्वराला विचारलं नाही (यहोशवा ९:१४). मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने करार केला, मंडळीच्या सरदारांनी शपथ वाहिली. तीन दिवसांनी कळलं की ही तर गिबोन, कफीरा, बैरोथ आणि किर्याथ-यारीम या चार नगरांची माणसं, अगदी शेजारची.

लोक सरदारांवर चिडले. सरदार मात्र हलले नाहीत. परमेश्वराच्या नावाने शपथ वाहिली आहे, आता यांना हात लावला तर आपल्यावर कोप होईल, असं त्यांनी सांगितलं. पुढचं सगळं या वाक्यावर उभं आहे. शपथ फसवून घेतलेली होती, तरी ती बांधून ठेवत होती, कारण तिच्यात गुंतलेलं नाव परमेश्वराचं होतं. गिबोनी लोकांना जीवदान मिळालं. बदल्यात मंडळीसाठी आणि वेदीसाठी लाकडं तोडायची आणि पाणी भरायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे आलं.

या शपथेची कसोटी लगेच लागली. पाच अमोरी राजे गिबोनवर चालून गेले आणि गिबोनने निरोप धाडला. यहोशवाला मान फिरवता आली असती, नको असलेली माणसं परस्पर संपली असती. तो रात्रभर चालून गेला आणि त्यांच्यासाठी लढला. सूर्य थांबल्याची प्रसिद्ध गोष्ट याच लढाईतली, गिबोनवरची. म्हणजे न विचारता केलेला करारही एकदा केल्यावर देवाने आपला मानला. निदान मी ते तसं वाचतो.

गिबोन कुठे होतं याबद्दल आज फारशी शंका नाही. यरुशलेमच्या वायव्येला नऊ-दहा किलोमीटरवर अल-जीब नावाचं गाव आहे. जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे १९५६ पासून उत्खनन केलं, तेव्हा गिबोनचं नाव कोरलेल्या रांजणांच्या मुठी हाती आल्या. खडकात खोदलेला, अकरा-साडेअकरा मीटर व्यासाचा एक खोल हौदही सापडला. कडेने वळत पाण्यापर्यंत उतरणाऱ्या त्याच्या ७९ पायऱ्या आहेत. तो नक्की कोणत्या काळात खोदला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण ‘पाणी भरणारे’ हा शब्द वाचताना त्या पायऱ्या माझ्या डोळ्यांपुढे येतात.

शौलाने काय केलं

इथे एक अडचण आहे आणि ती आधीच मान्य केलेली बरी. शौलाने गिबोनी लोकांची कत्तल केली ती हकिगत शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नाही. ती आपल्याला फक्त २ शमुवेल २१ मध्ये कळते, तीही मागाहून, एका वाक्यात: इस्राएल व यहूदा यांच्याविषयीच्या ईर्ष्येने शौलाने त्यांना मारून टाकायला पाहिलं.

तरी आजूबाजूच्या खुणांवरून थोडं जुळवता येतं. गिबोन बन्यामिनाच्या वतनात होतं आणि शौल बन्यामिनी होता. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ तर त्याच्या घराण्याचा संबंध थेट गिबोनशी लावते. चारातलं बैरोथ नगर सोडून तिथली माणसं गित्तईमला पळून गेली होती, अशी नोंद २ शमुवेल ४ मध्ये जाता जाता येते. आणखी एक वचन मला महत्त्वाचं वाटतं. दावीद पळाला असताना शौल आपल्या बन्यामिनी चाकरांना विचारतो, इशायाचा पोरगा (म्हणजे दावीद) तुम्हाला शेतं आणि द्राक्षमळे देणार आहे का (१ शमुवेल २२:७)? याचा अर्थ तो स्वतः शेतं वाटत होता. ती शेतं कुठून आली? काही अभ्यासकांचा तर्क असा की गिबोनी लोकांना हुसकावून ती मोकळी केली असावीत. हा तर्कच आहे, पण जमिनीची भूक आणि धर्माची ईर्ष्या एकत्र नांदताना आपण सगळ्यांनीच पाहिली आहे.

ज्यू परंपरेत, तलमूदमध्ये, वेगळं उत्तर आहे: शौलाने नोब नगरीतल्या याजकांना मारलं, गिबोनी लोकांचं अन्नपाणी त्या याजकांवर चालत होतं, म्हणून त्यांनाही मारल्यासारखंच झालं. नोबला पंचाऐंशी याजक कापले गेले होते. हे स्पष्टीकरण मूळ मजकुरात बसतं का याबद्दल मला खात्री नाही, पण त्यातली नजर मोलाची आहे. एखाद्याचा घास काढून घेणं हेही रक्तच.

शौलाच्या कारकिर्दीत एक विलक्षण उलटापालट दिसते. अमालेकी या शत्रू लोकांचा पुरता नाश कर, असं संदेष्टा शमुवेल याने परमेश्वराच्या नावाने सांगितलं, तिथे त्याने राजा आणि चांगली गुरंढोरं राखली. गिबोनी लोकांना हात लावायचा नाही अशी परमेश्वराच्या नावाची शपथ होती, तिथे त्याने तलवार चालवली. दोन्ही वेळा त्याच्याकडे धार्मिक कारण तयार होतं. गुरं यज्ञासाठी राखली, असं तो शमुवेलाला म्हणालाच होता. शौल देवाला सोडून गेलेला माणूस नव्हता. तो देवासाठी काय करायचं ते स्वतः ठरवणारा माणूस होता.

समस्या: तीन कोरडी वर्षं

शौल गिलबोवाच्या डोंगरावर मेला, त्याच्यासोबत त्याचा मुलगा योनाथानही. दावीद राजा झाला. मग त्याच्या काळात, साधारण इ.स.पू. १००० च्या आसपास, एकामागून एक तीन वर्षं दुष्काळ पडला. हा प्रसंग नेमका केव्हाचा हे सांगता येत नाही, कारण पुस्तकाच्या अखेरचे चार अध्याय काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत.

पहिल्या वर्षी कोणी काही म्हणालं नसेल. पाऊस हुकतो कधी कधी. दुसऱ्या वर्षी काळजी वाटली असेल. तिसऱ्या वर्षी दाविदाने परमेश्वराचं मुख शोधलं. उत्तर आलं: शौलामुळे आणि त्याच्या खुनी घराण्यामुळे, कारण त्याने गिबोनी लोकांना मारलं.

आजचा वाचक इथे अडखळतो. मेलेल्या राजाच्या गुन्ह्यासाठी जिवंत शेतकऱ्याचं पीक का जळावं? त्या काळच्या माणसाला हे इतकं परकं नव्हतं. करार देवासमोर होई आणि तो राजापुरता नसे, देशाचा असे. हित्ती राजा दुसरा मुर्शिली याच्या इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या प्रार्थना मातीच्या पाट्यांवर सापडल्या आहेत. त्याच्या देशात वीस वर्षं साथ चालू होती. जुनी दप्तरं धुंडाळल्यावर त्याला कळलं की त्याच्या वडिलांनी मिसरशी (इजिप्तशी) केलेला करार मोडला होता. बापाचं पाप मुलावर येतं, असं तो आपल्या देवांना सांगतो आणि भरपाई काय द्यावी, कोणते विधी करावेत, हे पुन्हा पुन्हा कौल लावून विचारतो. देव वेगळे, धर्म वेगळा. पण राजाची कोंडी तीच.

मोशेच्या नियमशास्त्रातही याचं मूळ आहे. सांडलेल्या रक्ताने भूमी विटाळते, असं गणना ३५:३३ म्हणतं. दुष्काळाचा अर्थ दाविदाने याच चौकटीत लावला, आणि परमेश्वराच्या उत्तराने तो खरा ठरला. इथपर्यंत दाविदाचं पाऊल योग्य पडलं होतं. यहोशवाने जे केलं नव्हतं ते त्याने केलं. त्याने विचारलं.

दाविदापुढचे पर्याय

परमेश्वराच्या उत्तरात निदान आहे, उपाय नाही. हा मुद्दा माझ्या या सगळ्या लेखनाचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. सात माणसं मारा, असं देव या अध्यायात कुठेही म्हणत नाही. दुष्काळ कशामुळे, एवढंच त्याने सांगितलं. आता पुढे काय, हा प्रश्न उघडा होता.

एक वाट म्हणजे परमेश्वरालाच पुन्हा विचारणं. दाविदाला ही सवय होती. इस्राएलचे शत्रू पलिष्टी रफाईम खोऱ्यात उतरले तेव्हा त्याने विचारलं आणि जिंकला. तेच पलिष्टी त्याच खोऱ्यात पुन्हा आले, तेव्हाही त्याने कालचं उत्तर गृहीत धरलं नाही, परत विचारलं. दुसऱ्या वेळी उत्तर वेगळं आलं: समोरून जाऊ नको, वळसा घाल (२ शमुवेल ५).

दुसरी वाट नुकसानभरपाईची: गिबोनी लोकांना त्यांची शेतं, गावं, सुरक्षितता परत देणं, राजाने जाहीरपणे अपराध कबूल करणं. खुनाबद्दल खंडणी घेऊ नये असं गणना ३५ सांगतं हे खरं. पण तोच अध्याय म्हणतो की भूमीचं प्रायश्चित्त रक्त सांडणाऱ्याच्याच रक्ताने होतं. रक्त सांडणारा शौल होता, आणि त्याचं रक्त गिलबोवावर सांडून गेलं होतं.

तिसरी वाट म्हणजे गिबोनी लोकांनाच विचारणं. दाविदाने ही घेतली. त्यात चांगुलपणा होता, हेही म्हणायला हवं. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना राजाने समोर बोलावून तुमच्यासाठी काय करू असं विचारावं, ही लहान गोष्ट नाही. लाकडं आणि पाणी वाहणाऱ्यांना इस्राएलच्या राजाने असं याआधी कधी विचारलं असेल?

त्यांचं पहिलं उत्तर सावध आहे. आमचा आणि शौलाच्या घराण्याचा वाद सोन्यारुप्याचा नाही, आणि इस्राएलात कोणाला मारणं आमच्या हाती नाही. इथे बोलणी होऊ शकली असती. दाविदाने लगेच म्हटलं, तुम्ही म्हणाल ते मी करीन. कोऱ्या कागदावर सही करून तो त्यांच्या हाती दिल्यासारखं झालं. मग मागणी आली: त्याच्या वंशातले सात पुरुष आम्हाला द्या, आम्ही त्यांना शौलाच्या गावात, गिब्यात, परमेश्वरासमोर टांगू. देतो, राजा म्हणाला.

एका दमात दिलेल्या या होकाराशी निदान दोन गोष्टी भिडतात. पहिली नियमशास्त्रातली: पोरांबद्दल बापाला आणि बापाबद्दल पोरांना मारू नये, ज्याने त्याने आपल्याच पापासाठी मरावं (अनुवाद २४:१६). पुढे अमस्या राजाने हेच वचन मानून आपल्या बापाच्या मारेकऱ्यांची मुलं जिवंत ठेवली, आणि राजांच्या दुसऱ्या पुस्तकाने ते कौतुकाने नोंदवलं आहे. सात जणांनी कत्तलीत भाग घेतला होता का? ‘खुनी घराणं’ या शब्दांवरून तसं म्हणणारे आहेत. मजकूर मात्र सातांपैकी एकावरही आरोप ठेवत नाही.

दुसरी गोष्ट दाविदाच्या स्वतःच्या तोंडची आहे. एन-गेदीच्या गुहेत शौलाला जिवंत सोडल्यावर शौलाने त्याच्याकडून शपथ घेतली होती, माझ्यामागे माझा वंश छेदणार नाहीस म्हणून. दाविदाने ती शपथ वाहिली (१ शमुवेल २४:२१-२२). एकविसाव्या अध्यायात तो आपला मित्र योनाथान याच्याशी झालेली शपथ आठवतो आणि योनाथानाच्या मुलाला, लंगड्या मफीबोशेथाला, वाचवतो. शौलाला दिलेल्या शपथेचा उल्लेखच येत नाही. एक मोडलेली शपथ जोडताना दुसरी मोडली गेली का? शौलाचा सगळा वंश संपला नाही, म्हणून शपथ अक्षरशः राहिली, असं उत्तर देता येईल. मला ते पटवून घेता आलेलं नाही.

जे केलं गेलं

राजाने सात जण निवडले. शौलाची उपपत्नी रिस्पा हिचे दोन मुलगे, अर्मोनी आणि मफीबोशेथ (हा दुसरा, योनाथानाचा नव्हे). आणि शौलाच्या मुलीचे अद्रिएलापासून झालेले पाच मुलगे. बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत इथे मीखल हे नाव आहे, काहींत मेरब. अद्रिएलाला मेरब दिली होती हे १ शमुवेल १८ सांगतं, तेव्हा ती मेरबच असावी.

सातही जण एकदमच गेले. दिवस सातूच्या कापणीच्या आरंभीचे होते, म्हणजे मार्च-एप्रिलचा सुमार. तीन वर्षांच्या दुष्काळानंतरची ती कापणी कसली असेल ते वेगळं सांगायला नको.

दाविदाचा यात राजकीय फायदा होता, हेही लपवून चालणार नाही. शौलाच्या वंशातले गादीचे वारस एका दिवसात कमी झाले. दाविदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडाच्या वेळी शिमी नावाचा शौलाच्या कुळातला माणूस दाविदावर धोंडे फेकत ओरडतो, रक्तपात्या, शौलाच्या घराण्याचं सगळं रक्त परमेश्वराने तुझ्यावर उलटवलं! तो याच सातांबद्दल बोलत होता की नाही हे ठरवता येत नाही. पण लोकांत काय बोललं जात होतं ते यावरून समजतं. दाविदाने हे गादीसाठी केलं असं मी म्हणत नाही. तसं असतं तर मफीबोशेथ आधी गेला असता. पण ज्या निर्णयातून आपलाच फायदा होतो तो निर्णय घाईने घेऊ नये, एवढं राजाला कळायला हवं होतं.

रिस्पा

रिस्पाला आपण आधी एकदाच भेटतो. शौल मेल्यावर त्याचा मुलगा ईश-बोशेथ सेनापती अबनेरावर आरोप करतो की तू माझ्या बापाच्या उपपत्नीकडे का गेलास. अबनेर भडकतो आणि दाविदाच्या बाजूला जातो, राज्य फिरतं. त्या भांडणात रिस्पा एक शब्द बोलत नाही. तिला कोणी काही विचारलेलं नाही. तिच्या मुलांबद्दलही तिला कोणी विचारलं नाही.

मग ती गोणपाट घेते, खडकावर अंथरते आणि तिथेच राहते. दिवसा पाखरांना प्रेतांवर बसू देत नाही, रात्री जनावरांना जवळ येऊ देत नाही. आपल्या दोघांचीच नाही, सातांचीही. कापणी सुरू झाल्यापासून आकाशातून पाणी पडेपर्यंत. त्या देशात उन्हाळाभर पाऊस नसतो, पहिला पाऊस ऑक्टोबरच्या सुमारास येतो. अवेळी सर आली असेल तर काही आठवडे, नाहीतर पाच-सहा महिने. मजकूर दिवस मोजत नाही.

आणखी एक गोष्ट इथे चुकत होती. झाडावर टांगलेलं प्रेत रात्रभर राहू देऊ नये, त्याच दिवशी पुरावं, नाहीतर भूमी विटाळते, असं अनुवाद २१:२२-२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. भूमीचा विटाळ काढण्यासाठी हे सगळं चाललं होतं, आणि प्रेतं तिथेच होती. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी कोणी बोललं नाही. ती बाई बोलली नाही, पण तिचं बसून राहणंच बोलत होतं.

राजाला ते कळवण्यात आलं. आणि मग दावीद हलला.

परिणाम

तो याबेश-गिलादला गेला. पलिष्ट्यांनी शौल आणि योनाथान यांची प्रेतं बेथ-शानच्या चौकात टांगली होती, तिथून याबेशच्या लोकांनी ती चोरून नेली होती. त्यांच्या अस्थी दाविदाने आणल्या. टांगलेल्या सातांच्याही अस्थी गोळा करवल्या. शौल आणि योनाथान यांना बन्यामिनातल्या सेला इथे, शौलाचा बाप कीश याच्या कबरेत, पुरलं. सातांना कुठे पुरलं हे हिब्रू मजकूर सांगत नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र तेही याच दफनात आहेत.

चौदावं वचन म्हणतं: त्यानंतर देवाने देशासाठी केलेली प्रार्थना ऐकली.

‘त्यानंतर’ म्हणजे कशानंतर? फाशीची हकिगत नवव्या वचनात संपली होती. तिथे पावसाबद्दल, उत्तराबद्दल काहीच नाही. उत्तर आलं ते अस्थी पुरल्यावर, शौलाला त्याच्या बापाच्या कबरेत जागा मिळाल्यावर. दावीद आणि शौल यांच्यातलं वैर तेव्हा खऱ्या अर्थाने मिटलं असं मला वाटतं. आणि दाविदाला तिथवर नेलं ते गिबोनी लोकांच्या मागणीने नव्हे, गोणपाटावर बसलेल्या रिस्पाने. सात जणांच्या मरणानेच देव शांत झाला असं वाचणारे अनेक भले लोक आहेत. मी त्यांच्याशी वाद घालतो तेव्हा त्यांना एवढंच सांगतो, वचनांचा क्रम पुन्हा वाचा.

निर्णयाचे क्षण, आणि काय वेगळं होऊ शकलं असतं

यहोशवाजवळ वेळ होता. करार त्याच दिवशी करायची सक्ती नव्हती. तीन दिवसांत सत्य बाहेर आलंच. तीन दिवस थांबून परमेश्वराला विचारलं असतं, तर कदाचित गिबोनी लोकांना खरं सांगूनही आश्रय मिळाला असता. इस्राएलांच्या हेरांना लपवणाऱ्या यरीहोच्या राहाबला मिळाला होताच. मग शपथ फसवणुकीवर उभी राहिली नसती, आणि ‘हे लोक लबाडीने घुसले’ हे वाक्य शौलाच्या हाती आलं नसतं. पहिल्या चुकीने दुसरीला निमित्त कसं पुरवलं ते इथे दिसतं. सरदारांचं शहाणपण मात्र मान्य करायला हवं. चूक कळल्यावर त्यांनी शब्द मोडून ती झाकली नाही.

शौलाच्या बाबतीत काय वेगळं होऊ शकलं असतं हे सांगणं सोपं आणि निरुपयोगी आहे. जुनी शपथ त्याला माहीत होती का? त्याच्या घराण्याचा त्या गावाशी संबंध पाहता माहीत नसणं कठीण. माझ्या मते त्याला ती जुनी, लबाडीने मिळवलेली, म्हणून नाममात्र वाटली असावी.

दाविदाच्या चुकीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, कारण ती भल्या माणसाची चूक आहे. त्याने एकदा विचारलं आणि दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं. आजार कोणता हे देवाला विचारलं, औषध कोणतं हे दुखावलेल्यांना. दुखावलेल्यांचं ऐकणं गरजेचंच होतं, पण शिक्षेचं माप त्यांच्या हाती सोपवणं हे त्यांच्यावरही ओझं टाकणं होतं.

तीन अध्यायांनी पुढे हाच दावीद वेगळा वागतो. लोकांची शिरगणती करण्याच्या पापानंतर मरी (रोगाची साथ) आली तेव्हा तो म्हणतो, पाप मी केलं, या मेंढरांनी काय केलं? तुझा हात माझ्यावर आणि माझ्या बापाच्या घराण्यावर पडू दे. मग तो अरवनाचं खळं फुकट मिळत असताना पन्नास शेकेल रुपं मोजून घेतो आणि तिथे वेदी बांधतो. त्या अध्यायाचा शेवट जवळजवळ त्याच शब्दांत होतो: परमेश्वराने देशासाठी केलेली प्रार्थना ऐकली. पुस्तकाच्या रचनाकाराने दुष्काळ आणि मरी ही दोन प्रकरणं अखेरच्या भागाच्या दोन टोकांना ठेवली आहेत. मला वाटतं, आपण ती शेजारी शेजारी ठेवून वाचावीत म्हणूनच. पहिल्यात राजा दुसऱ्यांची मुलं देतो. दुसऱ्यात तो स्वतःला पुढे करतो. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी त्याने स्वतःला पुढे केलं असतं तर काय झालं असतं?

गिबोन पुढे

शपथ टिकली. निवासमंडप (उपासनेचा तंबू) आणि पितळेची वेदी पुढे गिबोनच्याच उच्च स्थानी होती. दाविदाचा मुलगा शलमोन याने तिथे एक हजार होमबली दिले आणि तिथेच त्याला स्वप्नात परमेश्वर दिसला. कित्येक शतकांनी, बाबेलच्या बंदिवासातून परतल्यावर यरुशलेमचा पडका कोट बांधायला जी माणसं उभी राहिली त्यांच्या यादीत नहेम्या एक नाव लिहितो: मलत्या गिबोनी. त्याच्या शेजारी गिबोन आणि मिस्पा इथले लोक, आपल्या वाट्याची भिंत बांधताना.

रिस्पाचं नाव मात्र त्या खडकानंतर पुन्हा कुठेच येत नाही.